भस्सकन आणि बदाबदा

मराठी माणसाला पातळ पदार्थ दिसावा लागत नाही, ऐकू आला की पुरे. ताक घटाघटा, चहाचा फुरका, कढीचा भुरका. फक्त काढा मुकाट्यानं पोटात जातो. आवाज येतो तो नंतर, पिणाऱ्याचा.

या शब्दांत द्रवापेक्षा ओतणाऱ्याचीच चौकशी जास्त असते, असा माझा जुना संशय आहे. तांब्या तोच, पाणी तेच. पण लेकीनं ओतलं तर 'भरभर' आणि सुनेनं ओतलं तर 'बदाबदा'. मी कढईत तेल घातलं की पलीकडच्या खोलीतून विचारणा होते, "ओतलंस ना भस्सकन?" वास्तविक तेल पाण्यापेक्षा कितीतरी शांतपणे पडतं. पण हा भस्सकन तेलाचा नसतोच, तो किराणाच्या बिलाचा असतो.

शास्त्राच्या मते तर पाणी स्वतः फारसं बोलतच नाही. मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं 1933 साली दाखवून दिलं की खळखळाट करतात ते पाण्यात कोंडलेले हवेचे बुडबुडे. बुडबुडा जितका लहान, तितका सूर वरचा. ग्रहतारे सोडून हा गृहस्थ बुडबुडे ऐकत बसला, म्हणून मला तो फार जवळचा वाटतो. अरुंद तोंडाच्या बाटलीतलं 'बुडुक बुडुक'ही हवेचंच. दादरला लोकलच्या दारात चढणारे-उतरणारे भिडावेत, तशी आत शिरणारी हवा बाहेर पडणाऱ्या पाण्याला अडवते.

2018 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी गळक्या नळाच्या 'टप टप'चा छडा लावला. तिथंही थेंबाखाली अडकलेला बुडबुडाच थरथरत असतो. खालच्या बादलीत भांड्यांचा साबण टाकला की आवाज बंद! आमच्या सोसायटीच्या सचिवांना हे कळू नये, एवढीच इच्छा. नळ तसाच ठेवून तक्रार मिटवण्याचा इतका स्वस्त उपाय ते सोडणार नाहीत.

एरवी 'जलनिस्सारण'शिवाय तोंड न उघडणारं सरकारी मराठीसुद्धा शेताच्या बांधावर आल्यावर नरमलं आणि 'ठिबक' म्हणू लागलं. ठिबकला अनुदान मिळतं. बदाबदा सिंचनाला नाही. उसात ते विनाअनुदान चालू आहे.