मोजता न येणारा पैसा

इंग्रजी व्याकरण नामांची गणनीय, म्हणजे एकेक करून मोजता येणारी, आणि अगणनीय, म्हणजे केवळ मापता येणारी, अशी वाटणी करून पहिल्यांस ‘मेनी’ व दुसऱ्यांस ‘मच’ बहाल करते. मराठीचे ‘किती’ मात्र बोंडे आणि कापूस या दोहोंना सारखेच पुरते. कापूस अगणनीय आहे, हे हिंगणघाटच्या बाजारात तो क्विंटलने विकणाऱ्या शेतकऱ्यास पटेलही. परंतु ‘मनी’ अगणनीय आणि ‘लोन’ मात्र गणनीय, ही वाटणी व्याकरणाची की सावकाराची, असा प्रश्न त्यास पडावा. १९३७ साली मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव करणारी परिषद ज्या वर्ध्यात भरली, तेथेच आता ‘मच’-‘मेनी’साठी शिकवणी लावली जाते, आणि तिची फी तेवढी निःसंशय गणनीय असते.