नव्वद दिवसांची स्थळं

आमच्या निशी-कासाईच्या इमारतीला कुंपण नाही. दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ पांढरी फळी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की, आणीबाणीच्या वेळी ही फोडून पलीकडे जा. शेजारच्या काकू साताऱ्याहून मुलाकडे आल्या, त्याला आज दहा दिवस झाले. आल्या आल्या मी त्यांना ती पाटी वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "एवढ्याशा फळीचं कसलं सोवळं!" तेव्हापासून त्या कठड्यावरून मान बाहेर काढून माझ्याशी बोलतात. आज मी धुणं वाळत घालत होते.

"काय गं, त्या पोरीनं शेवटी नाही म्हटलं का?"

"कुठल्या पोरीनं?"

"कालच्या! रात्री दहाच्या मालिकेतल्या. आमचा बाळू अर्थ सांगत होता, आणि नेमकं तिनं तोंड उघडलं तेव्हा हा घोरायला लागला. पुढचं सगळं मी नुसत्या तोंडांवरून ओळखलं."

"बरोबर ओळखलंत. त्यानं लग्नाचं विचारलं, तिनं जमणार नाही म्हणून सांगितलं."

"बाई! आणि इतकी वर्षं स्वयंपाक करून घातला तो?"

"म्हणून तर नाही म्हणाली."

काकूंनी हातातलं पडवळ खाली ठेवलं. पडवळ म्हणजे इथल्या भारतीय दुकानात सोन्याच्या भावानं मिळतं ते. मी ओळखलं, आता माझे मोजे काही लवकर वाळत पडत नाहीत.

"सांगते. तो कात्सुओ आणि ती आयुमी. कॉलेजपासूनची जोडी, राहतात एकाच घरात. ही रोज साग्रसंगीत रांधते. तो खातो, छान म्हणतो, आणि वर सल्ला देतो, की अगदी बोलायचंच तर सगळं ताट जरा तपकिरीच दिसतंय."

"मेला! आमटी काय निळी करायची?"

"तेच ना! मालिकेचं नावच आहे, 'मग तूच करून बघ ना'. जपानीत 'ज्या, आन्ता गा त्सुकुत्ते मिरो यो'. नावांची गंमत ऐका. कात्सुओ म्हणजे आपल्या कुप्याच्या जातीचा मासा. तोच वाळवून, किसून इथं सगळ्या रश्शांना चव आणतात. आयुमीच्या नावात आयु, म्हणजे नदीतला मासा. चित्रकथेवरनं घेतलीय मालिका. लिहिणारीनं पहिल्या पानावरच दोघांना ताटात वाढलंय."

"पुढं काय झालं? ती गेल्यावर तो काहीतरी कापत बसला होता."

"चिकुझेननी करत होता. तिच्या हातची, तीच तपकिरी. कोंबडी, गाजर, कमळकाकडी, गोबो नावाचं एक मूळ, अळंबी, आणि कोन्याकू, तो रबरासारखा थुलथुलीत तुकडा असतो बघा, ते सगळं सोया सॉसच्या रसात शिजवतात. आता गोबो चिरला की लगेच पाण्यात टाकावा लागतो, नाहीतर काळा पडतो. कोन्याकू आधी उकळून घ्यावा लागतो. कमळकाकडीचं वेगळंच. म्हणजे पानात दिसतं एक तपकिरी वाडगं आणि मागं ओट्यावर पाच पातेली."

"पुरणपोळीसारखं. खाताना दोन घास."

"हो. ते त्याला स्वतः चिरायला बसल्यावर कळलं."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आवडली मला. ही बघायची. आणखी काय काय आहे?"

तर ही अशी सुरुवात. पुण्यात जपानी शिकत होते तेव्हापासून मला ह्या मालिकांचा नाद आहे. इथं वर्षाचे चार हंगाम असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. प्रत्येक हंगामाला 'कूल' म्हणतात. तीन महिने, आठवड्याला एक भाग, दहा-अकरा भागांत गोष्ट खलास. जुन्या सगळ्या एकदम जातात, नव्या सगळ्या एकदम येतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे माझ्यासाठी कांदेपोह्यांचा कार्यक्रम. रोज एक स्थळ बघायचं, चहा घ्यायचा, आणि तिसऱ्या भागापर्यंत पसंती कळवून टाकायची. नापसंत असेल तर गुपचूप रिमोट. हे सगळं मी काकूंना सांगितलं.

"म्हणजे डिसेंबरात संपणार सगळ्या?" काकूंनी बोटं मोजली. "माझा व्हिसाही नव्वदच दिवसांचा. नाताळ झाला की जायचं."

"मग तुमच्यासाठीच काढल्यात. शेवट बघूनच विमानात बसा."

"अगं, आमच्याकडं एक मालिका सुरू झाली तेव्हा नातू पहिलीत होता. आता त्याला मिसरूड फुटलंय, आणि त्या सुनेचं मंगळसूत्र अजून चोरीलाच गेलंय."

"इथं लांबतात त्या मुख्यतः एनएचके वाहिनीच्या. रविवारची ऐतिहासिक वर्षभर चालते. आणि सकाळची आठची, सोमवार ते शुक्रवार रोज पंधरा मिनिटं, ती सहा महिने. 1983ची 'ओशिन' तर वर्षभर चालली, 297 भाग."

"ती सकाळची मी बघते. सशांची."

"सशांची?"

"ती नाही का, बाप कुठूनतरी ससे आणतो. मग रडारड. सून भाकऱ्या, आपलं, ब्रेड भाजत होती, तिला विचारलं तर म्हणाली, आई, भुताची मालिका आहे. मला तर एक भूत दिसलं नाही. ससे मात्र दिसले."

मला हसू आवरेना. मालिकेचं नाव 'बाकेबाके'. पण काकूंचं चुकलं नव्हतं. मेइजी काळाची गोष्ट आहे. सामुराईंची सद्दी संपलेली, घरात तलवार आहे पण तांदूळ नाही. तेव्हा जपानात खरंच सशांचं वेड आलं होतं. 1872-73च्या सुमाराला एकेका सशाला लोक वाट्टेल ती किंमत मोजत होते. नायिका तोकीचा बाप त्यात उतरतो, भाव कोसळतो, आणि घर कर्जात बुडतं.

"इमू!" काकू एकदम ओरडल्या. खालून सायकलवरनं जाणाऱ्या आजोबांनी वर पाहिलं.

"काय?"

"अगं, आमच्याकडं नाही का इमू पाळायचं खूळ निघालं होतं! शहामृगासारखा पक्षी. अंडं विकायचं, तेल विकायचं, कातडं विकायचं. वर्षभरात लोक कुंपणं मोडून बसले. पक्ष्यांना खायला घालायला पैसे नाहीत आणि घेणारा कोण नाही. तो बाप इमूवालाच आहे बघ. तोंड अगदी तसंच."

आता बोला. एवढे लेख वाचले मी त्या मालिकेवर, पण बापाचं तोंड इमूवाल्याचं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बरं, भूत कुठाय मग?"

"येईल. ह्या तोकीला भुताच्या गोष्टींचं भारी वेड. पुढं मात्सुए गावात एक परदेशी मास्तर येणार, त्याच्याशी तिचा संसार. ही खऱ्या बाईवरनं बेतलीय. कोइझुमी सेत्सु. नवरा लाफकादिओ हर्न. जन्म ग्रीसमधला, 1890 साली इथं आला, इंग्रजी शिकवायला लागला, नंतर इथलाच झाला आणि कोइझुमी याकुमो नाव घेतलं. बायको त्याला जुन्या गोष्टी सांगायची, आणि तो त्या इंग्रजीत लिहायचा. 'क्वाइदान' म्हणून पुस्तक निघालं 1904 साली. नाव त्याचं, गोष्टी हिच्या."

"म्हणजे तिथंही रांधलं हिनं आणि वाढलं त्यानं."

मी चिमटा दातात धरला. ह्या बाईला जपानी येत नाही ही जपान्यांवर देवाची कृपा.

"आणि आज रात्री कुठली?"

"आजची फुजी वाहिनीवरची. नाव ऐकाल तर दम लागेल. 'हे जग जर रंगमंच असेल, तर त्याचा रंगपट कुठे असेल'. कोकी मितानी म्हणून मोठा नाटककार आहे, त्यानं लिहिलीय. 1984 सालचं शिबुया. नाटकवेडी पोरं, निऑनचे दिवे, आणि कुणाच्या खिशात पैसा नाही. पहिल्या भागात माणसं इतकी आणि सगळी एकदम बोलत होती, की मला गणपतीतल्या नाटकाची तालीम आठवली. नायक तर भलताच तिरसट. स्थळ घरंदाज आहे, पण मी अजून हो म्हटलेलं नाही."

"एवढं मोठं नाव लोक सांगतात कसं?"

"सांगतच नाहीत. 'मोशिगाकु' म्हणतात. कालचीला 'ज्यात्सुकु'. सोमवारी नऊच्या वेळेला 'गेत्सुकु', सकाळचीला 'आसादोरा'. सगळ्याची मुंडी आणि शेपूट जोडून टाकायची."

"आमच्याकडं 'होसुमियाघ' म्हणायचे, 'होणार सून मी ह्या घरची'ला."

"झालं तर! तुम्हाला जपानी येतंय की."

सोमवारची गेत्सुकु पोलिसांची आहे. बघितली, चहा घेतला, निघाले. येत्या रविवारी नऊला घोड्यांच्या शर्यतीची सुरू होतेय, 'द रॉयल फॅमिली'. त्या वेळेला नेहमी मोठी, घामाघूम, ऊर भरून आणणारी गोष्ट असते. 2013 साली त्याच जागी 'हान्झावा नाओकी' लागायची. बँकेतला कारकुनी वाद, पण शेवटच्या भागाला तोक्योच्या भागात 42.2 टक्के घरांत तीच चालू होती. आमचे हे वर्षभर टीव्हीकडे पाहत नाहीत, पण रविवारी नऊला बरोबर सोफ्यावर असतात, आणि डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून चष्मा पुसतात.

"सगळ्यात चांगली कुठली बघितलीस आजवर?" काकूंनी पडवळ पुन्हा हातात घेतलं.

"2023ची. 'ब्रश अप लाइफ'. नगरपालिकेत नोकरी करणारी बाई, तेहतिसाव्या वर्षी मरते. वर एक पांढरीफेक खोली, तिथं एक टेबल, टेबलामागं एक माणूस. तो वही बघून सांगतो, पुढला जन्म ग्वाटेमालात, मुंगीखाऊचा."

"मुंगीखाऊ?"

"लांब तोंडाचा, मुंग्या खाणारा प्राणी. ही म्हणते, माणसाचा नाही का मिळणार? तो म्हणतो, पुण्य कमी पडलं. हवं तर हाच जन्म पहिल्यापासून पुन्हा जगा, पुण्य साठवा. मग ही पुन्हा बाळ होते आणि पुण्यं करत सुटते. बालवाडीत असतानाच मैत्रिणीच्या बापाचं बाईंबरोबरचं लफडं मोडते."

"ते पुण्यात धरतात?"

"त्यांच्या वहीत धरलं असावं."

"आमच्याकडं चौऱ्याऐंशी लक्ष योनी फिरून यावं लागतं, आणि इथं टेबलावर काम होतं? नगरपालिकेत होती म्हणून ओळख निघाली असेल."

असं बोलणं चाललेलं. मी शेवटचा मोजा अडकवला. मला ह्या मालिका का आवडतात ते काकूंना सांगावंसं वाटत होतं, पण नीट सांगता येईना. पहिल्या भागात कुणी विष कालवत नाही, जिन्यावरनं कुणी पडत नाही. एक माणूस गाजर वेडंवाकडं चिरतो आणि एकटाच बसून खातो, एवढंच होतं. आणि आपण पुढचा मंगळवार मोजत बसतो.

तेवढ्यात पलीकडून, घरातून बाळूची हाक आली. आज तो घरूनच काम करतो.

"आई, फोडणीत आधी मोहरी की आधी हिंग?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "काय करतोय गं हा?"

"काल रात्री पूर्ण झोपला नव्हता वाटतं."

"आई! तेल केवढं?"

काकूंचा पाय दाराकडं वळला. मी म्हटलं, "काकू, जाऊ नका. करू दे त्याला."

"नाही जात." त्यांनी कठडा घट्ट धरला आणि आत तोंड करून ओरडल्या, "तूच बघ करून!"

मी टाळ्या वाजवल्या. एक मिनिट गेलं. आत तडतड झाली, मग फार तडतड झाली, मग काहीच नाही. नाकात करपल्याचा वास शिरला.

"काकू, अजिबात जायचं नाही."

"जात नाही गं. कोण जातंय?" काकूंनी कठडा सोडला नाही. नाक तेवढं हललं. मग त्यांनी मधल्या फळीवरच्या त्या पाटीकडं बोट केलं.

"मला सांग, ह्यांच्यात आणीबाणी नेमकी कशाला म्हणतात?"