सुरीचे उजवे धोरण

पाव कापायच्या दातेरी सुरीला बहुधा एकाच बाजूने धार लावतात, तीही उजव्या हाताच्या सोयीने. दुसऱ्या बाजूचे श्रम वाचतात. धोरण स्तुत्यच आहे. डाव्या हातात हीच सुरी तिरकी सरकते आणि काप वर जाड, खाली पापडासारखा निघतो. दहांतला जेमतेम एक माणूस डावखुरा. त्याच्यासाठी सुरी बदलणे ही निव्वळ उधळपट्टी. त्यापेक्षा बेकऱ्यांनी त्याच्यापुरते पावच तिरके भाजावेत. शिवाय या मंडळींची उपेक्षा होते असे म्हणता येणार नाही. दरवर्षी १३ ऑगस्टला त्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. त्या दिवशी केक अवश्य आणावा. कापण्यासाठी मात्र एखाद्या उजव्या पाहुण्यास सन्मानपूर्वक पाचारण करावे.