तीन इंच वर, पाच तारे खाली

आपल्याकडे माणसाचं वजन त्याच्या गाडीच्या उंचीवर ठरतं. छोट्या गाडीतून माणूस नुसता उतरतो. उंच गाडीतून त्याचं आगमन होतं. आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक भाऊ यांनी हे ओळखून नवी एसयूव्ही घेतली. शोरूममध्ये त्यांचा प्रश्न एकच होता : "स्टार किती?" भारत एनकॅपचे पाच, असं कळल्यावर त्यांनी वहिनींकडे समाधानानं पाहिलं. हार घातला, नारळ फोडला, आणि आठवड्याच्या आत गाडी गॅरेजला नेऊन तीन इंच उचलून आणली.

हे तारे फुकट मिळत नाहीत. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील, तर गाडीत ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल असावंच लागतं. ही यंत्रणा सेकंदाला २५ वेळा दोन गोष्टी ताडून बघते : चालकानं स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय. फरक दिसला की नेमक्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनचा जोर कमी करते आणि घसरू पाहणारी गाडी ताळ्यावर आणते. भाऊंची कथनी आणि करणी इतक्या बारकाईनं तपासणारं त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलंच यंत्र.

मात्र हे यंत्र पत्रिकेवर चालतं. कारखान्यात गाडी जन्माला येताना स्प्रिंग किती कडक, शॉकअप कोणता, टायर केवढा, गुरुत्वमध्य किती उंचीवर, हे सगळं मांडून तिचं गणित बसवलेलं असतं. गॅरेजच्या उस्तादनं स्प्रिंगला स्पेसर लावले, मोठे टायर चढवले, गुरुत्वमध्य वर सरकला. पत्रिका तीच राहिली. वळणावर गाडी आता जास्त कलते, चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आणि आतला कॉम्प्युटर जुन्या ग्रहांवरून नवं भविष्य सांगत बसतो.

मग डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं आणि विझेना. भाऊंनी फोन लावला. उस्ताद म्हणाला, "काही नाही भाऊ, सेन्सर नवा आहे, बुजतो. होईल सवय." सवय झाली नाही, तेव्हा त्यानं येऊन दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. दोष तत्काळ दूर झाला.

"पण हे कायद्यात बसतं का?" असं सोसायटीतल्या एका निवृत्त काकांनी विचारलंच. काकांचं बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल मालकानं करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं : परवानगी नसलेला बदल केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

'प्रत्येक बदलामागे' या शब्दांवर भाऊंच्या संपर्क कार्यालयात बराच खल झाला. चार चाकांचे स्पेसर म्हणजे चार बदल, की गाडी एकदाच वर गेली म्हणून एक? एका कार्यकर्त्यानं आठवण करून दिली, की भाऊंची आधीची गाडी उचलून विकताना परत खाली आणली होती, तेव्हा तो एक बदल वजा धरावा.

वकीलसाहेबांनी मात्र त्याहून मोठा शोध लावला. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, रंग, इंधन, आसनं, वजन असतं. जमिनीपासूनची उंची कुठे असते? कुठेच नसते. म्हणजे कागदोपत्री भाऊंची गाडी शोरूममध्ये होती तेवढीच आहे. हवालदार आरसी बघतो, रंग ताडतो, काचा काळ्या असल्या तर काचांचं बोलतो आणि गाडी सोडतो. स्प्रिंग बघायला वाकावं लागतं. आणि भाऊंच्या गाडीपुढे जे वाकतात, ते स्प्रिंग बघायला वाकत नाहीत.

उरतं भौतिकशास्त्र. त्याला वरून फोन करता येत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकानं मर्सिडीजची नवी ए-क्लास तपासली. रस्त्यात अचानक एल्क हरीण आलं तर चालक जसा झटक्यात बाजूला होऊन परत आपल्या मार्गावर येईल, तशी गाडी वळवली, ती उलटली. कंपनीनं काही काळ विक्री थांबवली, सस्पेन्शन सुधारून गाडी खाली बसवली, आणि तोवर महागड्या गाड्यांपुरती असलेली ही ईएससी यंत्रणा प्रत्येक ए-क्लासला दिली. म्हणजे जर्मन अभियंत्यांनी गाडी खाली आणून जे कमावलं, ते आमच्या उस्तादनं गाडी वर नेऊन एका दुपारात परत केलं. चाचणीची सोय मात्र आपल्याकडे स्वीडनपेक्षा चांगली. तिथे हरणाचं सोंग आणावं लागतं; आपल्याकडे म्हैस, उलट दिशेनं येणारा दुचाकीवाला आणि दुभाजक ओलांडणारं कुटुंब बारा महिने हजर, तेही विनामूल्य.

गाडी उचलण्याची हौस ऑस्ट्रेलियातही दांडगी आहे. पण तिथे हौसेला मोजपट्टी लावली आहे. थोडी उंची चालते. मर्यादेपलीकडे जायचं तर मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि मोठा बदल असेल तर गाडी वेगात मार्ग बदलून दाखवावी लागते. आपल्या कायद्यानंही सीएनजी किटला वाट ठेवली आहे, दिव्यांगांसाठी गाडीत फेरफार करायला वाट ठेवली आहे. उंचीला मात्र सरसकट 'नाही'. 'नाही' म्हणायला फूटपट्टी लागत नाही, अभियंता लागत नाही, चाचणी लागत नाही. त्यामुळे एक इंचवाला आणि सहा इंचवाला कायद्यासमोर सारखेच गुन्हेगार, आणि रस्त्यावर दोघेही सारखेच मोकळे. पुण्यात टेकडीवर एआरएआय ही वाहनं तपासणारी नामांकित संस्था आहे. उचललेली गाडी घेऊन "जरा बघता का" म्हणत तिथे कोणी जात नाही. पुणेकर त्या टेकडीवर सूर्यास्त बघायला जातात.

मुळात गाडी उचललीच कशाला, असं भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "खालून घासते हो." आणि इथे, कधी नव्हे ते, भाऊ खरं बोलत होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीनुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा गोलाईदार हवा. आमच्या प्रभागातले गतिरोधक त्या रात्री डांबर किती उरलं, यावर ठरतात. गाडीच्या निर्मात्यानं पाळलेला तपशील मालकानं मोडू नये, हे मान्य. पण रस्त्याच्या निर्मात्यानं कधीच न पाळलेल्या तपशिलाचं काय?

म्हणून आम्ही सुचवलं, की कलम ५२ रस्त्यांनाही लावावं. मूळ मापाशी तफावत असलेल्या प्रत्येक गतिरोधकामागे ५,००० रुपये. खड्डा म्हणजे तर रस्त्याचं विनापरवाना लोअरिंग. त्याचे वेगळे ५,०००. वर्षभरात रस्ते सपाट होतील, गाड्या आपोआप खाली येतील आणि पाची तारे जागेवर राहतील.

भाऊंना सूचना मनापासून पटली. निवडून आल्यावर पहिल्याच सभेत ठराव मांडतो, म्हणाले. दुरुस्ती एकच सुचवली : त्यांच्या बंगल्यासमोरचे तीन गतिरोधक वगळावेत. ते त्यांनी स्वखर्चानं, रातोरात, लोकाग्रहास्तव घातले आहेत.