चालतंय की!

प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी नाना असतात. त्यांच्या घरातली वस्तू कधी बिघडत नाही. तिला फक्त नवा नियम लागू होतो. आमच्या नानांकडे सर्वांत जास्त नियम सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या ड्रायरला आहेत.

उन्हाळ्यात ड्रायर नसला तरी खपून जातं. गॅलरीतली दोरी सांभाळून घेते. आषाढ लागला की मात्र घरभर दोऱ्या, पंख्याखाली गणवेश, इस्त्रीखाली मोजे आणि सगळी भिस्त ड्रायरच्या टबावर. त्याने मिनिटाला हजारावर फेरे घेऊन पाणी झाडून टाकायचं. नानांचा टब बटण फिरवलं की नुसता “हंऽऽऽ” करतो.

“विचार करतोय,” नाना म्हणतात.

कॅपॅसिटर गेला की मोटर अशीच कण्हत बसते आणि तशीच चालू ठेवली तर जळते, हे कुठलाही मेकॅनिक फोनवर सांगेल. नाना फोन करत नाहीत. झाकण उघडलं की वीज तुटावी आणि ब्रेक लागावा, ही कंपनीने आपल्या बोटांची घेतलेली काळजी. नानांनी झाकणाच्या स्विचमध्ये चमच्याची दांडी खुपसून ती निकालात काढली. आता ते झाकण उघडं ठेवून लाकडी उलथन्याने टबाला एक धक्का देतात. टब फिरू लागतो आणि काकू आमटी ढवळायला उलथनं शोधू लागतात.

पुढे मशीन धडाधडा आपटत भिंतीकडे निघतं. कपडे नीट दाबून, समतोल साधूनही ते आपटतंच. मग नाना दोन्ही हातांनी ते धरून उभे राहतात. त्या वेळी फोन आला, तर त्यांचं “हॅलो” सतारीच्या तारेसारखं थरथरत पोचतं.

बंद केल्यावरही टब बराच वेळ फिरतच राहतो. ब्रेक गेलाय, असं कुणी सुचवलं तर नाना खूश होतात. “वेग बघा! नवा होता तेव्हा एवढा फिरत नव्हता.” ५ मिनिटांनी बाहेर काढलेली जीन्स तरीही टपटपते. “थोडा ओलावा हवाच. इस्त्री छान बसते.” सील फाटून खाली तळं साचतं. “ड्राय बाल्कनीत पाणी नसणार, तर काय देवघरात?”

एक दिवस मशीनला हात लावताच काकूंना झिणझिण्या आल्या. “चप्पल घालून लावत जा,” नानांनी नियम जाहीर केला. काकूंनी काहीच न बोलता मेन स्विच पाडला, प्लग काढला आणि मेकॅनिकला बोलावलं.

त्याने मशीन आडवं केलं. कॅपॅसिटर बदलला, सील बदललं, ब्रेकची वायर नीट बसवली, अर्थिंग तपासलं. शेवटी स्विचमधला चमचा ओढून काढला आणि अदबीने काकूंच्या हातात दिला. नाना शेजारी उभं राहून त्याला उलथन्याचा कोन समजावत होते.

“काका, केव्हापासून बिघडलाय हा?”

“बिघडलाय? अहो, रोज चालतोय! तुम्हाला फक्त बघायला बोलावलं.”

मेकॅनिकने बिल फाडलं. नानांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“नुसतं बघायचे एवढे?”