साडेतीन

खेळाची नवी आवृत्ती आली, की आधी कावरंबावरं होतं ते जुन्या पुस्तकांचं कपाट. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा गोष्ट रचत, फासे टाकत खेळायचा खेळ 1974 सालचा; पन्नाशीला, म्हणजे 2024 मध्ये, त्याचं मुख्य नियमपुस्तक नव्यानं आलं. आदिलाबादच्या आमच्या घरात 2017 चं ‘झॅनाथर्स गाइड’ आणि 2020 चं ‘टाशाज कॉल्ड्रन’ एकमेकांना खेटून बसली. “नव्या नियमांसोबत ही चालतील ना रे?” मी विचारलं. “चालतात मामा, फक्त बघून घ्यावं लागतं,” भाचा म्हणाला. रुसलेले दोन व्याही एकाच पंगतीत बसवणाऱ्या यजमानाच्या सुरात.

हे बघून घेणं मोठं मजेचं आहे. पूर्वी पात्राचा वंशच ताकद, चपळाई वाढवून देई. आता ते वाढीव गुण पूर्वायुष्यातल्या उमेदवारीवर मिळतात. जुन्या नियमांतला पुजारी खेळातल्या पहिल्याच पायरीवर आपला पंथ सांगे. नवा तिसरीपर्यंत मोघम भक्ती करतो. आमच्याकडे कुलदैवत बारशाआधीच ठरलेलं, त्यामुळे त्या बिचाऱ्याची मला काळजीच वाटते.

माझा जीव मात्र जडला 2003 च्या आवृत्तीवर. तिसरी 2000 साली आलेली. ही चौथी म्हणण्याइतकी वेगळी नव्हती, म्हणून साडेतीन! किनवटवरून माहूरला जाणाऱ्या आम्हा लोकांना त्यात नवल कसलं? देवीच्या साडेतीन पीठांत माहूर पूर्ण, वणी अर्धं. म्हणून काही वणीला कुणी अर्धा नमस्कार करत नाही.

आमचा जिल्हा तरी एका आवृत्तीत कुठे राहिला? निजामाचं हैदराबाद, 1956 मध्ये आंध्र प्रदेश, 2014 मध्ये तेलंगणा, 2016 मध्ये जिल्ह्याचेच चार तुकडे. नागपूर-हैदराबादचा सात नंबरचा हायवे चव्वेचाळीस झाला. म्हातारी माणसं अजून ‘सात नंबर’ म्हणतात आणि रिक्षावाला त्यांना बरोबर तिथेच सोडतो. उगादी नि पाडवा तर एकाच सकाळी येतात : आमच्या दारात गुढी, शेजारून वाटीभर पच्चडी.

जुनं चालेल, एवढंच पुस्तकात छापता येतं. चालवून घेणारं माणूस ज्याचं त्यानं शोधायचं. भाच्याच्या खेळात एक मित्र हट्टानं जुन्या पुस्तकातला, भट्टीच्या देवाचा पुजारी होतो. पहिल्याच पायरीवर त्याला देव भेटलेला आहे. नव्या नियमात हे बसत नाही. पण एकदा भेटलेला देव काढून घ्यायचं कुणाच्या जिवावर येणार नाही?