मॅन्युअलवाले काका

कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल डायल असते. तिच्यावर एक हिरवा चौकोन, एक डोंगर, एक फूल, एक धावणारा माणूस आणि पी, ए, एस, एम अशी चार अक्षरं. साधा माणूस कॅमेरा आणतो, डायल हिरव्यावर ठेवतो आणि कॅमेरा माळ्यावर जाईपर्यंत ती तिथून हलवत नाही. मॅन्युअलवाल्या काकांची डायलही हलत नाही. फक्त ती एमवर असते.

हे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात. दोन असतील तर त्यांचं आपसात बोलणं नसतं. वय साठीच्या पुढे, नोकरी बँकेतली किंवा वीज मंडळातली, अंगात बारा खिशांचं जाकीट. तुमच्या हातात नवा कॅमेरा दिसला की ते ‘केवढ्याला पडला?’ असं विचारत नाहीत. थेट डायलकडे बघतात. हिरवा चौकोन दिसला की ‘हं’ म्हणतात. त्या ‘हं’नंतर माणसाला आपला कॅमेरा पिशवीत ठेवावासा वाटतो.

चित्रांच्या मोडवर त्यांचा विशेष राग. कासला फुलं बघायला गेलो होतो, तेव्हा कुणीतरी बिचाऱ्याने डायल फुलाच्या चित्रावर नेली. काका म्हणाले, “समोर फूल आहे हे कॅमेऱ्याला तुम्ही सांगायचं, आणि पुढचं सगळं त्याने करायचं. मग आपण एवढा घाट चढून आलो कशाला?” पी तर त्यांच्या लेखी घसरणीची सुरुवात. १९७८ साली कॅननने ए-१ या कॅमेऱ्यात छिद्र आणि वेळ दोन्ही आपोआप ठरवणारा प्रोग्रॅम मोड दिला, तेव्हापासून फोटोग्राफी उतरणीला लागली असं ते मानतात. स्वतः ते छत्तीस फोटोंच्या रोलवर शिकलेले. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १००ला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याच्या जवळपास, हा नियम ते शुभंकरोतीसारखा म्हणतात. मुळात नियम खराच आहे.

खरं तर काकांना येतं सगळं. शिकवतातही छान. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ समजावताना ते म्हणतात, “नळ किती उघडा आहे ते अ‍ॅपर्चर. पाणी किती वेळ येतं ते शटर. आणि आयएसओ म्हणजे तुमची बादली. आयएसओ वाढवला की बादली लहान, पटकन भरते; पण पाणी गढूळ.” एकदा पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “आमच्याकडे पाणी पाऊणच तास येतं, तो कुठला मोड?” काका क्षणभरही न थांबता म्हणाले, “एस! वेळ ठरलेली, नळ किती उघडायचा ते त्यानुसार जुळतं. नळ तुम्ही ठरवलात आणि वेळ त्यावरून ठरली, तर तो ए.” एस आणि ए यांचा याहून सोपा खुलासा मी ऐकलेला नाही. मात्र अ‍ॅपर्चरचा आकडा जेवढा लहान तेवढं छिद्र मोठं, हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघण्यात काकांना जो आनंद होतो, तो शिक्षकाचा नव्हे.

घोटाळा होतो तो लग्नात. मंगलाष्टकं चालू असताना काका अंतरपाटावर प्रकाश मोजतात. पाचव्या मंगलाष्टकाला व्हिडिओवाला आपला दिवा लावतो, की काका पुन्हा मोजतात. सातव्याला तो दिवा विझवतो. ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, हार पडतात, आणि काका मान खाली घालून एक अंगठ्याने, एक तर्जनीने अशी दोन चाकं फिरवत असतात. त्यांच्या अल्बममध्ये लग्न हार घातल्यानंतर सुरू होतं. शेजारी लग्नाचा अधिकृत फोटोग्राफर, पंचविशीतला पोरगा, ए मोडवर छिद्र ठरवून शटरचं काम कॅमेऱ्यावर सोडतो आणि मधेच बुंदीचा लाडूही खातो. काका त्याच्याकडे कीव करून बघतात. त्याला ते कळत नाही, कारण तो फोटो काढत असतो.

मग समूहफोटो. हॉल अंधारा म्हणून काका एफ/१.८वर जातात. प्रकाश भरपूर मिळतो. पण एवढ्या उघड्या छिद्राला स्वच्छ दिसणारी खोली तुटपुंजी. पुढच्या खुर्चीवरच्या आजींची नथ मोत्यामोत्याने दिसते, आणि मागे उभी असलेली अख्खी मुलाकडची मंडळी धुक्यात. “मागचं धूसर होणं हाच तर सौंदर्याचा भाग आहे,” काका म्हणतात. हे मुलाच्या मामांना पटलेलं नाही.

पण त्यांना हसणाऱ्यांनी गणेशोत्सवातला कार्यक्रम आठवावा. मागे काळा पडदा, पोरांवर झगझगीत स्पॉट. ऑटोवरचा कॅमेरा तो काळोख बघून घाबरतो, फोटो उजळत नेतो, आणि नाचणाऱ्या मुलींचे चेहरे चुन्यासारखे पांढरे निघतात. वर फ्लॅश उडतो तो वेगळाच. काका तालमीच्या वेळीच चेहऱ्यावरचा प्रकाश मोजून आकडे बांधून ठेवतात. पडदा किती काळा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या आया काकांचेच फोटो मागतात. एम मोड नेमका अशा जागेसाठी आहे. काकांची अडचण एवढीच, की त्यांना अख्खं जग रंगमंच वाटतं.

सहलीला गेल्यावर काकूंना मात्र जोडीचा फोटो हवा असतो. तेव्हा काका एखाद्या अनोळखी माणसाला बोलावतात. आता तरी डायल हिरव्यावर न्यावी की नाही? छे! सगळे आकडे स्वतः जुळवून कॅमेरा त्याच्या हातात ठेवतात. “तुम्ही फक्त बटण दाबायचं.” तेवढ्यात महाबळेश्वरचा ढग सूर्यावर येतो, किंवा असलेला सरकतो. आकडे जागचे हलत नाहीत, कारण हलवणारा कठड्याला टेकून उभा असतो. म्हणून त्यांच्या घरातल्या जोडीच्या फोटोंत नवराबायको कधी कोळशासारखे, कधी उन्हात विरघळल्यासारखे. काकू प्रत्येक फोटोत शांतपणे हसतायत. आणि काकांचं तोंड प्रत्येक फोटोत उघडं, एक हात पुढे: “अर्धं दाबा आधी! अर्धं!”